सड्यावरचं झुडूप

"एवढं एकच झुडूप काढायचं?"

तांबोळी मास्तर भिंग डोळ्याला लावून फोटोवर वाकले होते.

"एवढंच, मास्तर. खालच्या कोपऱ्यातली त्या झुडपाची सावली. नॉर्वेवाल्यांचं पत्र आलंय. बाकी सगळं पसंत आहे त्यांना. प्रदर्शनाच्या दारातच लावणार आहेत हा फोटो."

हेमंत कोपर्डे बोलत होता खरा, पण जीव ठिकाणावर नव्हता. परवा पहाटेचं विमान, आणि गेले आठ दिवस एकामागून एक भानगडी. बॅगेची चेन तुटली. लॅपटॉपवर चहा सांडला, तो दुरुस्तीला गेला आणि मूळ फोटो सगळे त्यातच अडकले. प्रदर्शनाच्या प्रती तेवढ्या आधीच छापून झाल्या होत्या. या फोटोची हातात राहिली ती एवढी कागदावरची प्रत, काळीपांढरी.

कागदावरचा फोटो ब्रशनं दुरुस्त करणारा माणूस हेमंतच्या माहितीत आता एकच उरला होता. पाटणच्या बाजारपेठेतले तांबोळी मास्तर. तीस वर्षांपूर्वी यांच्याच अंधाऱ्या खोलीत हेमंत फोटो धुवायला शिकला होता. म्हणून सकाळीच गाडी काढली, तर घाटात पंक्चर!

जॅक लावला आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, "मंगल, चाकामागं दगड लाव गं."

घाटात चिटपाखरू नव्हतं. मंगलला जाऊन दीड वर्ष झालं होतं.

दगड त्यानं स्वतःच आणला. चाकामागं लावला आणि तिथंच खाली बसून राहिला. किती वेळ, कुणास ठाऊक. फार एकटं वाटलं त्याला.

हे काही त्यानं मास्तरांना सांगितलं नाही. पंक्चरमुळं उशीर झाला, एवढंच म्हणाला.

मास्तरांना घाई नव्हती. बशीतल्या पांढऱ्या रंगात काळ्याचा थेंब टाकून ते घोटत बसले.

"चाळीस फोटो नेतोयस म्हणं."

"चाळीस."

"माणसं किती आहेत त्यात?"

हेमंतचा चेहरा जरा उजळला. हा प्रश्न त्याला आवडायचा.

"एकही नाही, मास्तर. तीच तर माझी ओळख. बावीस वर्षं डोंगर हिंडलो, पण फ्रेममध्ये माणूस म्हणून येऊ दिला नाही. गुराखी मधे आला तर तासभर थांबेन, पण त्याला जाऊ देईन."

"आणि सूनबाई?"

"ती कशी येईल? असायची बरोबर, दर रविवारी. डबा करायची, गाडीत रस्ता सांगायची. पण मी कॅमेरा लावला की नुसतं म्हणायचं, 'जरा बाजूला हो.' व्हायची बिचारी. कधी कुरकुर नाही."

"बावीस वर्षं..."

"हो."

मास्तर घोटायचे थांबले. पुन्हा घोटू लागले.

मंगलच्या तेराव्याला भिंतीवर लावायला फोटो शोधला, तेव्हा अख्ख्या घरात तिचा धड एक फोटो सापडला नव्हता. फोटोग्राफरची बायको ना ती! शेवटी आधारकार्डावरचा मोठा करून घेतला, तोही याच दुकानात. डोळे अर्धवट मिटलेले, ओठ आवळलेले. ओळखू येत नव्हती. 

"हा सडा कुठला?"

"वरचा, डोंगरमाथ्यावरचं ते सपाट पठार. तुम्हीच नेलं होतंत की मला पहिल्यांदा."

"काय उगवतं तिथं?"

"गवत."

"आणखी?"

"आणखी काय उगवणार, मास्तर? खाली सगळा कातळ. वर वारा असा की माणूस धड उभा राहत नाही. झाड नाही, झुडूप ना..."

हेमंत अडखळला.

मास्तरांनी मान वर केली नाही. "मग हे कुठलं?"

"म्हणजे... दगड असेल एखादा. पत्रात झुडूप लिहिलंय, म्हणून मी आपलं..."

मास्तरांनी भिंग त्याच्यापुढं सरकवलं.

आता काय म्हणावं या माणसाला! ज्याच्या नजरेचं कौतुक करायला साता समुद्रापलीकडून पत्रं येत होती, त्या पठ्ठ्यानं स्वतःच्या फोटोचा हा कोपरा एकदाही नीट पाहिला नव्हता.

त्यानं आता पाहिलं.

गोल माथा. माथ्यावर बारीकसं टोक. खाली दांडा, आणि दांडा धरलेला एक कोपर. सगळं संध्याकाळच्या उन्हात लांब होऊन गवतावर पसरलेलं.

छत्री.

मंगलला उन्हानं अर्धशिशी उठायची. छत्री घेतल्याशिवाय ती गाडीतून पाय खाली ठेवायची नाही. तो चिडवायचा तिला, "सड्यावर छत्री घेऊन येणारी तू पहिलीच बाई." ती म्हणायची, "असू दे."

त्या दिवशी तो गुडघ्यांवर बसून फोटो घेत होता. बाजूला हो म्हणालाच असणार. ती झालीही होती. अगदी त्याच्या पाठीमागं जाऊन उभी राहिली होती, आणि ऊन नेमकं तिच्या मागून आलं.

"मास्तर..."

त्यानं भिंग खाली ठेवलं, पुन्हा उचललं, आणि पुन्हा त्याच कोपऱ्यावर धरलं.

बाहेरून एसटी गेली. दुकानाच्या काचा वाजल्या आणि गप्प झाल्या.

"परवा जायचंय तुला," मास्तर म्हणाले.

"हो."

"त्यांना फोटो स्वच्छ पाहिजे."

"हो..."

मास्तरांनी ब्रश रंगात बुडवला, बशीच्या कडेला निथळवला आणि हेमंतच्या हातात दिला.

"माझं ती ऐकायची नाही, हेमंता. तूच सांग तिला... जरा बाजूला हो म्हणून."