येतो म्हणून गेलेला

"पण यात मी खोटं काय बोललो, बाबा?"

श्रीधर नेवेनं विचारलं आणि मान खाली घातली.

घाटाच्या पायथ्याशी, करंजाखाली अमीनबाबांची पाणपोई. दोन रांजण आणि घमेल्यात पितळी पेले. म्हातारे फकीर एकेक पेला राखेनं घासत बसले होते.

"आपल्यात निघताना जातो म्हणत नाहीत, येतो म्हणतात. आईनं लहानपणीच जिभेला वळण लावलेलं. तिथून निघताना तोंडातून तेच गेलं. फक्त त्यांच्या भाषेत."

"मग?"

"त्यांच्या भाषेत येतो म्हणजे… येतोच."

बाबांचा हात थांबला. मग पुन्हा घासू लागला.

श्रीधरनं आफ्रिकेत, मलावीतल्या खेड्यांत नऊ वर्षं काढली होती. बंद पडलेले हातपंप सुरू करायचे आणि तिथल्याच बायाबापड्यांना ते दुरुस्त करायला शिकवायचे, हे त्याचं काम. राहायचा एनेस नावाच्या म्हातारीच्या शेजारी. दिवस कलला की ती हाक मारायची आणि तो जेवायला जायचा.

तो परतला. आणि गेल्या आठवड्यात तिकडून आलेल्या एका परिचारिकेनं सांगितलं, म्हातारी अजून रोज त्याचं ताट वाढते. कुणी हसलं तर म्हणते, तो येतो म्हणालाय.

"काय वाढते?" बाबांनी विचारलं.

"मक्याच्या पिठाचा गोळा. वर पालेभाजी."

"भाकरी थापत नाही?"

"नाही."

"मग नऊ वर्षांत तू तरी शिकवायचीस. नुसते पंपच शिकवत बसलास."

श्रीधर हसला नाही. त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. उद्या तालुक्याच्या सभागृहात परदेशात सेवा करून आलेल्या पाच जणांचा सत्कार होता. त्याचं नाव पहिलं. सन्मानपत्र आधी नजरेखालून घाला म्हणून संस्थेनं पाठवलं होतं. घरात वाचून दाखवावं असं कुणी नव्हतं, म्हणून घडी तशीच कोरी राहिली होती.

"वाच," बाबा म्हणाले.

श्रीधरनं घसा साफ केला. आवाजात थोडी ऐट आलीच.

"ज्यांनी परक्या माणसाला आपलं मानलं, स्वतःच्या घासातला घास दिला आणि त्याबदल्यात कशाचीही अपेक्षा केली नाही…"

"छान लिहिलंय. म्हातारीचं नाव कुठे आलंय?"

"म्हातारीचं नाही, बाबा. हे माझ्याबद्दल आहे."

"असं होय."

वरून एक मालट्रक गुरगुरत उतरला. धुरळा बसेपर्यंत बाबांनी घमेल्यावर फडकं धरलं.

"खाली काय लिहिलंय? बारीक अक्षरात?"

"सेवेची सांगता." श्रीधर कागदाची कड चाचपत राहिला. "संस्थेनं विचारलं होतं, परत जाणार का. मी अजून काही कळवलं नाही. उद्या शाल घेतली की ते आपोआप कळेल. तुम्ही एकदा म्हणा, बाबा, की ते बोलण्यापुरतं होतं. रीत होती. म्हणजे उद्या मोकळ्या मनानं उभा राहीन."

बाबा पेला घासत राहिले.

"घरी कसं आहे?"

"भावाचं घर आहे. चांगली माणसं आहेत. माझ्या खोलीत आता खोकी असतात, ती बाजूला सारून अंथरूण घालतो. जेवण झाकून ठेवलेलं असतं. सगळ्यांचं आधी झालेलं असतं…"

इथं ताट झाकलेलं असायचं. तिथं वाढलेलं असायचं. एवढाच तर फरक होता, आणि तो कुणाला सांगावा?

"पाणी देता, बाबा?"

घमेल्यात डझनभर पेले होते. बाबा गुडघ्यावर हात देऊन उठले, मागच्या कोनाड्यापाशी गेले आणि तिथं उपडा ठेवलेला एक पेला घेऊन आले. तो लखलखत होता. रांजणातून भरून त्यांनी श्रीधरच्या हातात दिला.

श्रीधर प्यायला. पाण्याला करंजाच्या सावलीचा गारवा होता.

"हा एकटाच वर का?"

"दुसऱ्या कुणाला देत नाही."

"का?"

"तुझाय."

श्रीधरनं पेला उलटसुलट करून पाहिला.

"नऊ वर्षांमागं इथनंच पाणी पिऊन गेलास. जाताना येतो म्हणालास."

करंजाचं एक पान घमेल्यात पडलं. बाबांनी ते बोटानं काढून टाकलं.

"बाबा… मला येऊन तीन महिने झाले."

"हं. भाजीवाली सांगत होती."

"एकदाही आलो नाही."

"आज आलास की."

श्रीधरनं रिकामा पेला खाली ठेवला, कागदाची घडी खिशात घातली आणि उठला. चपला घातल्या. सवयीनं हात जोडले. तोंड उघडलं.

शब्द ओठाशी आला आणि तिथंच अडला.

दुसरा शब्द तर आईनं कधी उच्चारूच दिला नव्हता.

रस्ता रिकामा होता. ऊन तिरपं झालं होतं. अजून थोड्या वेळानं तिकडेही दिवस कलेल आणि ताट वाढलं जाईल.

"बाबा… काय म्हणून निघू?"

बाबांनी त्याचा पेला विसळला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि तसाच हातात धरून ठेवला.

"हा कोनाड्यात ठेवू का घमेल्यात, तेवढं सांग."