खिंडीतले कुंपण

एकदा एक वृद्ध गुरू आपल्या तरुण शिष्यासह रानातल्या एका लांबलचक पायवाटेने निघाले होते. वाटेच्या शेवटी, डोंगरमाथ्यावरच्या पाड्यात शिष्याची बहीण राहत होती. तिचे दिवस भरत आले होते आणि दुसऱ्या दिवशी तिला डोलीतून खाली वैद्यांकडे आणायचे होते. डोली जाईल अशी वाट ही एकच. दुसरी कड्यावरची, तिथे धडधाकट माणसालाही स्वतःचे पाय सांभाळणे कठीण.

सकाळीच झाडीतून भलाथोरला गवा समोर आला. शिष्याची बोबडी वळली. गुरूंनी त्याला हळूच बाजूला ओढले आणि गवा जाईपर्यंत ते स्तब्ध उभे राहिले. पुढे पांढरी अंडी तोंडात धरून मुंग्यांची रांग चालली होती; गुरू तिथेही थांबले. दुपारी एक अजगर इतक्या संथपणे वाट ओलांडू लागला की शिष्य अगदी कासावीस झाला. भरीस भर म्हणून वरून शेकरूने अर्धवट खाल्लेले फळ गुरूंच्या डोक्यावर टाकले. गुरू खळखळून हसले.

"गुरुजी, अशाने दिवस मावळेल," शिष्य म्हणाला.

"मावळू दे. वाट काही आपल्या एकट्याची नाही."

शिष्याने ते मनात नीट जपून ठेवले.

खिंडीत पोहोचतात तो वाटेवर काटेरी फांद्यांचे कुंपण. नुकतेच दोन्हीकडचे रान विकत घेतलेला एक व्यापारी त्यापुढे बाज टाकून बसला होता, शेजारी काठ्या घेतलेली दोन माणसे.

"इथून जायचं नाही," तो म्हणाला. "आता हे सगळं माझं आहे."

शिष्याने नम्रपणे हात जोडले. "चला गुरुजी, यांनाही वाट देऊ," असे म्हणत तो कड्याकडे वळलासुद्धा!

गुरूंनी मात्र खांद्यावरची झोळी खाली ठेवली आणि उघड्या हातांनी काट्यांच्या फांद्या उपसायला सुरुवात केली.

"अहो बाबा, कुणाच्या कुंपणाला हात घालताय?" व्यापारी ओरडला.

"काटे तुमचे आहेत, घरी घेऊन जा. वाट इथेच राहू द्या."

काठ्या उगारल्या गेल्या. गुरूंनी वर पाहिलेसुद्धा नाही. "मारायचं तर मारा. मी थांबणार नाही."

शिष्य धावत परत आला. "गुरुजी, सकाळपासून तुम्ही मुंगीलाही वाट दिलीत. मग यांनाच का नाही?"

"अरे, गव्याला पलीकडे जायचं होतं. मुंग्यांना, अजगराला जायचं होतं. ते गेले आणि वाट पुन्हा सगळ्यांची झाली. हे शेठ कुठं चाललेत? यांना नुसतं आडवं बसायचंय. जाणाऱ्यासाठी थांबणं हा विनय. अडवणाऱ्यापुढून निमूट वळून जाणं हा भित्रेपणा; त्याला चांगलं नाव देऊ नकोस. आज आपण कड्यावरून गेलो, तर उद्या तुझ्या बहिणीची डोली कुठून जाईल?"

शिष्याचा चेहरा लाल झाला. त्याने सर्वांत जाड फांदी दोन्ही हातांनी धरली आणि ओढली. रक्त आले, तरी सोडली नाही. डोलीचे नाव ऐकून काठीवाल्यांनी एकमेकांकडे पाहिले. त्यांच्या काठ्या हळूहळू खाली आल्या.

दुसऱ्या दिवशी डोली खिंडीत आली. कुंपण उरले नव्हते, पण व्यापारी हट्टाने वाटेच्या मधोमध बाज टाकून बसला होता. सर्वांत पुढे शिष्य होता, हातांना फडकी बांधलेला. तो थांबला नाही की त्याने हात जोडले नाहीत.

"शेठ, उठा. डोली जायची आहे."

व्यापाऱ्याने गुरूंकडे पाहिले. गुरू आपले झाडावर शेकरू शोधत होते. मग काठीवाल्या माणसांनीच पुढे होऊन बाजेला हात घातला, तेव्हा व्यापाऱ्याला उठावेच लागले.

खिंड ओलांडून थोडे खाली उतरतात तोच एक रानकोंबडी पिल्ले घेऊन वाटेवर आली. कुणी काही सांगण्याआधीच शिष्याने हात वर केला. डोली थांबली.

"काय झालं रे?" आतून बहिणीने विचारले.

"काही नाही ताई. एक आई चालली आहे."

"मग जाऊ दे तिला," ती म्हणाली.