पिंपरगोट्याचा उघडा गाडा

पिंपरगोट्याच्या वेशीवर मरीआईचा लाकडी गाडा आहे. इतर गावांत देवीवर हिरवं पातळ पांघरतात. इथे मात्र गाडा सताड उघडा. आलेले पाहुणे हमखास कारण विचारतात. गावातले जाणते बाळाप्पा गुरव मग सांगतात ती हकीकत अशी.

फार मागे, एका उन्हाळ्यात पटकी आली. जुलाब-उलट्यांनी माणसं पटापट जाऊ लागली. रोग आला की मरीआईचा गाडा ओढत नेऊन पुढच्या गावाच्या शिवेत सोडायचा, म्हणजे रोगही तिकडे जातो, अशी तेव्हाची रीत. हैबती माळी तेवढा चावडीवर म्हणाला, "रोग गाड्यात बसून जात नसतो. ओढ्याचं पाणी बंद करा." बायकोच्या दुखण्यात नवस करून थकलेला हा माणूस देव मानत नसे. गावाने त्याला वाळीत टाकलं.

ठकूबाईच्या अंगात देवी यायची. त्या अमावास्येला ती घुमता घुमता ओरडली म्हणे, "माझं मला द्या!" शुद्धीवर आल्यावर तिला काही आठवेना. लोकांनी ते शब्द सांगितले तेव्हा, देवीला खणनारळ हवा असेल, असं तिला वाटलं.

पातळाने झाकलेला गाडा निघाला. पुढे ठकूबाई, हातात पाण्याचा तांब्या आणि लिंबाचा डहाळा. ओढ्याजवळच्या चाकोरीत गाडा हिसकला आणि पातळाखालून आवाज आला, "पाणी!"

देवी बोलली! गाड्यामागचा सगळा जमाव जमिनीवर आडवा झाला. ठकूबाई पुढे झाली, आईच्या मुखाला पाणी लावावं म्हणून तिने पातळ उचललं.

खाली तिप्पी होती. वडाराची पोर, आईबाप आठवड्यापूर्वीच गेलेले. अंग तापलेलं, हातपाय सुंभाने बांधलेले.

"हे कुणी केलं?"

पाटील खाली मान घालून म्हणाला, "तूच मागितलंस की, ठकूबाई. माझं मला द्या म्हणालीस. रोगाने धरलेली पोर आईचीच, म्हणून दिली."

आपल्या तोंडून निघालेले शब्द, आणि त्यांचा हा अर्थ! ठकूबाईने आपल्याच तोंडावर हात मारून घेतला. मग दातांनी सुंभ तोडलं, पोर खांद्यावर टाकली आणि गावात फिरली. रोगाच्या भीतीने एकही दार उघडेना. शेवटी ती हैबतीच्या अंगणात उभी राहिली.

"मी मागितली म्हणे रे हिला," ती कशीबशी म्हणाली.

"ते राहू दे. तिला पाणी पाहिजे," हैबती म्हणाला. गूळ-मीठ घालून उकळलेलं पाणी तो चमच्याचमच्याने पाजत राहिला. पोर जगली.

ठकूबाईने मग भर गावासमोर देवीचं पातळ टराटरा फाडलं. "आईच्या आड काय ठेवता ते दिसू दे सगळ्यांना!" म्हणाली. तिच्या अंगात त्यानंतर देवी कधी आली नाही, पण तिने पूजा सोडली नाही. तिप्पी हैबतीच्या घरातच वाढली. मोठेपणी ती देवळात जायची की नाही, यावर मात्र गावात अजून वाद होतात.

आजही आषाढात गाडा निघतो, पण शीव ओलांडत नाही. तिथून वळतो आणि हैबतीच्या वंशजांच्या दारात थांबतो. त्या घरात देव्हारा नाही. घरातलं कुणी हात जोडत नाही, आणि कुणी जोडावेत अशी गावाचीही अपेक्षा नसते. ती माणसं बाहेर येतात आणि गाडा ओढणाऱ्यांना पाणी देतात. ते प्यायल्याशिवाय गाडा पुढे हलत नाही.