खारूताईचा वाटा

बालमित्रांनो, सागाच्या एका रानात ओढ्याकाठच्या मोहाच्या झाडावर एक खार राहत असे. दिवसभर तुरुतुरु धावायची, चारोळ्या, बोरं, बिया गोळा करायची आणि दिसेल त्या ढोलीत कोंबायची. त्या रानाची एक रीत होती. कुणी काही गोळा करून आणलं, की वाटेवरची वानरं त्यातला थोडा वाटा रानाच्या कोठारासाठी काढून ठेवत. त्यातूनच ओढ्याचा बांध दुरुस्त होई, आजारी जनावरांना खायला मिळे. मग होळीच्या पौर्णिमेपर्यंत प्रत्येकानं कोठार सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या हत्तीकडे जाऊन वर्षाची आपली कमाई सांगायची. वाटा कमी गेला असेल तर उरलेला भरायचा आणि जास्त गेला असेल तर परत घ्यायचा.

खार मात्र हिशेबाचं नाव निघालं की दुसऱ्या फांदीवर पळे. घरट्यात नुकतीच जन्मलेली पिल्लं होती. “आणखी वाटा द्यावा लागला तर यांना काय भरवू?” या धास्तीनं ती रोज टाळाटाळ करी. शेजारचा ससा म्हणाला, “खारूताई, पौर्णिमा जवळ आली. चल, मी मदत करतो.” खार शेपटी उडवून म्हणाली, “उद्या बघू हो, ससेभाऊ! आज फार काम आहे.” असे कितीतरी उद्या आले आणि गेले.

शेवटी पौर्णिमेचा दिवस उजाडला, तेव्हा तिची तारांबळ उडाली. ही ढोली उपस, ती ढोली उपस! एकीत बोरं आणि चारोळ्या एकत्र झालेल्या, दुसरीत सगळ्याला कीड लागलेली आणि तिसरी कुठं होती तेच आठवेना. ती धापा टाकत हत्तीकडे पोहोचली, तोवर सूर्य मावळून कोठाराचं दार बंद झालं होतं. दुसऱ्या दिवशी मान खाली घालून ती पुन्हा गेली. हत्तीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि तो सोंड हलवत हसू लागला. “अगं वेडे, तुझी कमाई एवढीशी! वानरांनी तुझा वाटा जास्तच काढलाय. तुलाच चारोळ्या परत मिळायच्या आहेत.” खार आनंदानं उडी मारणार, एवढ्यात तो म्हणाला, “पण वेळेवर आलेल्यांना आधी. तुझी पाळी उन्हाळा सरताना. आणि उशीर केलास म्हणून बांधावर माती टाकायला यावं लागेल.”

खारीला हसावं की रडावं ते कळेना. वेळेवर हिशेब दिलेल्या सशाला त्याच दिवशी त्याचा जास्तीचा वाटा परत मिळाला. खार मात्र भर उन्हात शेपटीनं माती लोटत राहिली आणि कोरड्या बोरांवर पिल्लांना वाढवत राहिली. पुढच्या वर्षी तिनं बोरांची ढोली वेगळी केली, चारोळ्यांची वेगळी, आणि थंडी सरायच्या आतच हत्तीला सगळं सांगून आली. पौर्णिमेच्या दिवशी कोल्हा, साळिंदर, रानमांजर कोठाराकडे धावत सुटले होते, तेव्हा खारूताई फांदीवर पाय पसरून गाढ झोपली होती.

तात्पर्य : ज्या कामाच्या भीतीनं आपण ते टाळतो, ते वेळेवर केलं तर बहुधा सोपं निघतं, नुकसान होतं ते टाळण्यानंच.