त्रिमंडळाचा झोपाळा

एका राज्यात राजा नव्हता. राज्य चालवायला तिघेजण होते, आणि तिघे असूनही राज्य काही चालत नव्हते.

त्याचे असे झाले. म्हातारा राजा निवर्तला, तेव्हा दोन्ही राजपुत्र एकदमच सिंहासनाकडे धावले. सिंहासन म्हणजे सोन्याच्या कड्यांचा शिसवी झोपाळा, नदीमधल्या बेटावर, दरबारात टांगलेला. थोरल्याने एक कडी ओढली, धाकट्याने दुसरी. उगवतीचा काठ थोरल्याच्या बाजूने उठला, मावळतीचा धाकट्याच्या, आणि शेजारी शेजाऱ्यावर बाण सोडू लागला. राजगुरू विकटानंद मोठा मांत्रिक, पण नाकावर राग. त्याने कमंडलूतले पाणी शिंपडले. राजपुत्रांचे दगडी मोर झाले, काठांना जोडणारा पूल पाण्याखाली गेला, आणि एका काठाचे माणूस दुसऱ्या काठाला निघाले, की कोणतीही होडी बेटापर्यंतच येई. पुढे तिचे वल्हेच हलेना.

"आता हा झोपाळा तिघांनी चालवावा," मांत्रिक म्हणाला. "तिघांचे पाय एका ठेक्यात पडून सलग तीन झोके होतील, तेव्हा शाप सुटेल." एवढे बोलून तो गुप्त झाला.

म्हणून त्रिमंडळ नेमले. उगवतीकडून कनकाई, मावळतीकडून भैरोजी सरदार, आणि बेटावरचे वृद्ध प्रधान गुणाकरपंत. कनकाईंची लेक मंजिरी भैरोजींच्याच घरी दिलेली. लग्न भांडणाच्या आधीचे. आता विहीण-व्याही एका झोपाळ्यावर बसत, पण मध्ये पंतांना घालून.

कोणावर अन्याय नको म्हणून त्रिमंडळाने पाळी लावली. ज्याचा दिवस त्याचा हुकूम, आणि त्याचाच पाय जमिनीला. कनकाई म्हणत, "लढाई थांबवा." दुसऱ्या दिवशी भैरोजी म्हणत, "आधी उगवतीने थांबवावी." तिसऱ्या दिवशी पंत म्हणत, "यावर विचार व्हावा." झोपाळा जागच्या जागी गचके खाई. आढ्यावर राजाच्या वेळची बोलणारी साळुंकी राही. ती वरून ओरडे, "तीन तिगाडा, काम बिगाडा!"

एके सकाळी भैरोजी आले ते मिशीतल्या मिशीत हसत. "विहीणबाई, गोड बातमी. सूनबाईंना सातवा लागला."

कनकाईंचे डोळे भरून आले. पहिले बाळंतपण माहेरी, ही दोन्ही काठांची रीत. मंत्र-तंत्र, राज्य-बिज्य सारे एकीकडे. या खेपेला लेक घरी आली नाही, तर आपण आई कसल्या? त्या म्हणाल्या, "व्याहीबुवा, मला माझी लेक घरी न्यायची आहे. शाप सोडवलाच पाहिजे."

"माझी ना नाही."

"विचार व्हावा," पंत म्हणाले. दोघांनी त्यांच्याकडे असे पाहिले, की ते लगेच म्हणाले, "झाला."

पहिल्या खेपेला कनकाईंनी मोठ्याने "एक" म्हटले. भैरोजींना तो उगवतीचा हुकूम वाटला, त्यांनी पाय आखडला. दुसऱ्या खेपेला दोन्ही काठांचे नगारे आणले. प्रत्येकाचा पाय आपल्याच नगाऱ्याला मिळाला. तिसऱ्या खेपेला तिघांचे पाय रेशमी दोरीने बांधले, तर पंतांना पेंग आली आणि राज्याचे त्रिमंडळ पालथे पडले. साळुंकी हसता हसता आढ्यावरून घसरली. कनकाई मात्र घाटावर जाऊन मनसोक्त रडल्या.

नववा लागला तसे भैरोजींनाच राहवेना. पाळी नसताना त्यांनी हुकूम सोडला, "होडी काढा! बेट तर बेट. निम्मे माहेर तरी होईल."

होडी बेटाला लागली आणि मंजिरीला कळा सुरू झाल्या. दरबारातच आडोसा केला. कनकाई आत, भैरोजी बाहेर येरझारा घालताहेत, पंत देवाचे नाव घेताहेत. सूर्य डोक्यावर आला आणि लेकरू रडले. मुलगी झाली!

आता तिला निजवायचे कुठे? बेटावर पाळणा नव्हता. कनकाईंनी कोणालाही न विचारता राज्याच्या सिंहासनावर आपले जुने मऊ लुगडे अंथरले आणि नातीला मधोमध ठेवले. तिने भोकाड पसरले. पडेल म्हणून एका बाजूला कनकाई बसल्या, दुसऱ्या बाजूला भैरोजी. पंतही कडेला टेकले, नुसते बघायला म्हणून. "जो जो गं बाळा," कनकाई गुणगुणल्या, आणि तिघांचे पाय जमिनीला लागले. पाळी कोणाची, हे कोणी विचारले नाही.

एक झोका झाला. दुसरा झाला. तिसऱ्याला बाळाचा डोळा लागला.

तोच नदीचे पाणी बाजूला सरले आणि शेवाळाने हिरवागार झालेला पूल निथळत वर आला. हवेतले बाण बगळे होऊन उडून गेले. दगडी मोरांचे पुन्हा राजपुत्र झाले. दोघे डोळे चोळत झोपाळ्यापुढे आले आणि थोरला गरजला, "आमचे सिंहासन?"

"हळू बोला," कनकाई म्हणाल्या. "बाळ झोपले आहे."

"मग आम्ही काय करावे?"

"झोका द्यावा," भैरोजी म्हणाले. "दोघांनी मिळून. गचका बसला तर पुन्हा मोर!"

राजपुत्रांनी मुकाट्याने एकेक कडी धरली. झोपाळा संथ झुलू लागला, आणि तिघांनी एका तोंडाने हुकूम दिला: लढाई बंद, पूल सर्वांना मोकळा. त्यावर पंत काही बोलणार, तो साळुंकी ओरडली, "विचार नको!" सारा दरबार हसला, मंजिरीसुद्धा.

तिसऱ्या प्रहरी बाळंतिणीचा मेणा पुलावरून उगवतीला निघाला. दोन्ही काठांच्या बायकांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. भैरोजी निरोप द्यायला पुलाच्या मध्यापर्यंत आले आणि तिथेच घुटमळले. "विहीणबाई, सव्वा महिन्याने नातीला पाठवाल ना?"

"तोवर थांबता कशाला? पूल आहे की!" कनकाई म्हणाल्या. "आत्ताच चला. जेवूनच जा."

भैरोजी पुढे निघाले. तीन मोठ्यांनी अडवलेली ही कहाणी अशी एका चिमुरडीच्या झोपेने सुफळ झाली.