जारमधली आसरा

एका तालुक्याच्या गावात एक व्हॉल्वमन राहत होता. त्याचे नाव गिरिधर. पहाटे उठायचे, लांब लोखंडी चावीने कुंभार आळीचे पाणी बंद करायचे आणि बाजारपेठेचे सोडायचे, हे त्याचे काम. त्यामुळे कोणत्याही वेळी अर्धे गाव त्याला दुवा देत असे आणि उरलेले अर्धे शिव्या. एवढी सवय असलेला माणूस लेखक व्हायला हरकत नसते.

त्याच गावात चारुशीला नावाची मुलगी रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये कामाला होती. दोघांचे जमले होते. घरच्यांचा विरोध नव्हता. लग्न दिवाळीनंतर ठरले होते. सगळे इतके सुरळीत असले की माणसाला काहीतरी उपद्व्याप सुचतोच. या दोघांना कादंबरी सुचली.

त्याचे असे झाले. एका संध्याकाळी दोघे गावाच्या उंच टाकीखाली बसले होते. चारुशीलाने वर पाहिले.

"टाकीत कोण राहत असेल रे?"

"कबुतरं. साफ मलाच करावं लागतं."

"छे. साती आसरा राहतात."

आसरा म्हणजे पाण्यातल्या देवता, सात बहिणी. जुनी माणसे सांगतात, त्या विहिरीत असतात, नाहीतर नदीच्या डोहात. "पण विहिरी आपण बुजवल्या," चारुशीला म्हणाली, "आणि डोहात ट्रॅक्टरने वाळू काढली. मग त्या सातजणी जाणार कुठं? नगरपालिकेच्या टाकीत. आणि आता त्यांना कोणीतरी एकेक करून चोरतंय."

गिरिधर उठून उभाच राहिला. "कोण चोरतंय?"

"ते तू सांग."

समोरून वीस लिटरच्या जारचा टेम्पो खडखडत गेला. गिरिधरने त्याच्याकडे पाहिले आणि त्याच्या पायापासून डोक्यापर्यंत मुंग्या आल्या. "जारवाला! भुजंगराव जारवाला! तो मंत्र टाकून एकेक आसरा जारमध्ये बंद करतो. म्हणून त्याचं पाणी गोड लागतं!"

"सहा गेल्या," चारुशीला टाळी वाजवून म्हणाली. "सातवी उरलीय."

"आणि हे सगळ्या गावात एकाच माणसाला कळलंय."

"कोणाला?"

"गावाच्या व्हॉल्वमनला," गिरिधर लाजून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही आली. विषम प्रकरणे गिरिधरची, सम चारुशीलाची. लिहून झालेले प्रकरण लॅबच्या रिपोर्टच्या लिफाफ्यातून इकडून तिकडे जाई. चारुशीला वाचून लिफाफ्यावर "नॉर्मल" असे लिहून परत पाठवी आणि खाली बदाम काढी. गिरिधर फक्त "छान" लिही. तिच्या पहिल्या प्रकरणाला त्याने "छान" लिहिले, दुसऱ्याला "खूप छान" आणि तिसऱ्याला "फारच छान". पुढे मराठी भाषा अपुरी पडू लागली.

खरे तर तिसरे प्रकरण त्याला रटाळ वाटले होते. पण तसे सांगायची त्याची छाती होईना. चार वर्षांपूर्वी त्याने एका जिवलग मित्राबरोबर नाटक लिहायला घेतले होते. दुसरा अंक पडलाय, असे त्याने मित्राला तोंडावर सांगितले, आणि नाटकही गेले अन् मित्रही. तेव्हापासून गिरिधर सर्वांना सांगे, की बाबांनो, खरे बोलून माणसे तुटतात. मित्र तुटला तर दुसरा मिळतो. चारुशीला तुटली तर काय करायचे?

म्हणून तो जपून राहिला. तीही जपूनच होती. त्याने सातवी आसरा हुबेहूब चारुशीलासारखी रंगवली होती, डाव्या गालावरच्या तिळासकट. तिने व्हॉल्वमन गिरिधरसारखा केला होता, फक्त दोन इंच उंच. आता आपल्या हाताने आपल्याच माणसाला दुखापत कोण करणार? भुजंगरावाने आसरेला दोरीने बांधले, तर गाठ सैल. व्हॉल्वमन टाकीवरून पडला, तर खाली कडब्याची गंजी. जारवाल्याने सुरा काढला, तेवढ्यात त्याला आईचा फोन आला. दिवसभर गावाचे रक्त काढणारी मुलगी कागदावर एक थेंब सांडायला तयार नव्हती. रोज अर्ध्या गावाचे पाणी तोडणारा गडी एका खलनायकाला शिवी देऊ देत नव्हता.

अशी बारा प्रकरणे झाली. त्यांची नक्कल त्यांनी शहाणे नावाच्या संपादकांकडे पाठवली. शहाणे दर वर्षी रहस्यकथांचा दिवाळी अंक काढत. त्यांना टाकीतल्या आसरांची कल्पना फोनवर ऐकूनच इतकी आवडली होती, की त्यांनी अंकाची ऐंशी पाने अडवून ठेवली होती. आठव्या दिवशी त्यांचा फोन आला. चारुशीलाने स्पीकर चालू केला.

"कल्पना फक्कड आहे," शहाणे म्हणाले. "पण तुमचा जारवाला फार सज्जन आहे हो. माझ्या भाचीसाठी स्थळ म्हणून मी त्याचा विचार करीन. कादंबरीत नाही चालायचा."

"म्हणजे नाही छापणार?" गिरिधरने विचारले.

"दहा दिवस देतो. कोणीतरी कोणालातरी काहीतरी करू द्या. नाहीतर त्या ऐंशी पानांत मी वार्षिक राशिभविष्य टाकतो."

फोन बंद झाला. दोघे टाकीखाली बसले होते. मग चारुशीलाने तोंड फिरवून सरळ त्याच्याकडे पाहिले.

"गिरी, खरं सांग. माझं तिसरं प्रकरण, म्हणजे वहीतलं सहावं, तुला आवडलं होतं?"

छान, असे म्हणायला गिरिधरने तोंड उघडले. पण दहाच दिवस होते, आणि सातवी आसरा टाकीत एकटी बसली होती. तिला सोडवायचे तर आधी तिला पकडू द्यायला हवे होते.

"नाही," तो म्हणाला. "वाचताना दोनदा जांभई आली. त्या सहा बहिणी सहा पानं नुसत्या एकमेकींच्या वेण्या घालतायत. सातवीला जेव्हा कळतं, की आपण एकट्या उरलोय, ते वाक्य शेवटच्या पानावर दडलंय. ते पहिलं हवं."

बोलून झाले आणि त्याने डोळे मिटून घेतले. आता साखरपुड्याची अंगठी कुठल्या दिशेने येते, याची तो वाट पाहू लागला. अंगठी आली नाही. वहीचे पान टराटरा फाटल्याचा आवाज आला. डोळे उघडून पाहतो, तर चारुशीलाने सहाच्या सहा पाने काढून टाकली होती आणि ती नव्या पानावर ते एक वाक्य लिहीत होती. तिचा चेहरा लाल झाला होता, पण डोळे लखलखत होते.

"एवढे दिवस गप्प का बसलास रे, माठ्या? मला वाटलं होतं, मलाच कंटाळा येतोय!"

गिरिधरला वाटले, आपण जग जिंकले. खरे बोलायला केवढे धैर्य लागते, यावर आपण एखादे व्याख्यान द्यावे असेही त्याच्या मनात येऊन गेले. तेवढ्यात चारुशीलाने वही उलटी केली. तिच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात एक यादी होती.

"आता तुझी ऐक. पाचव्या प्रकरणात टाकीचं वर्णन नऊ पानं आहे. किती लिटर मावतं, कोणी बांधली, पाइप किती इंची. गिरी, ही कादंबरी आहे, टेंडर नाही. नऊच्या नऊ पानं काढ."

"नऊही?"

"एक ठेव. रात्री टाकीवर चढताना व्हॉल्वमनचा हात शिडीला चिकटतो, ते. तेवढं जिवंत आहे."

आता गंमत पाहा. जो माणूस खरे बोलायला तीन महिने घाबरला होता, तो खरे ऐकून तीन मिनिटेही बसला नाही. "तुला टाकी कळत नाही," असे म्हणून तो वही उचलून उठला आणि तरातरा चालू पडला.

पुढचे दोन दिवस त्याने फोन उचलला नाही. रागात त्याने चावी अशी काही फिरवली, की कुंभार आळीला पहाटेचे पाणी दुपारी आले आणि बाजारपेठेत ते बंदच होईना. बायका हंडे घेऊन नगरपालिकेवर गेल्या. साहेबांनी विचारले, "काय रे, झालंय काय तुला?" तेव्हा गिरिधर म्हणाला, "साहेब, आपली टाकी नऊ पानांच्या लायकीची आहे की नाही?" साहेबांनी त्याला अर्धा दिवस रजा दिली.

रजेचा वेळ सत्कारणी लावावा म्हणून तो टाकीखालच्या खोलीत बसला आणि ती नऊ पाने मोठ्याने वाचू लागला. चारुशीलाची चूक कशी आहे, हे त्याला स्वतःलाच ऐकवायचे होते. पहिले पान बरे वाटले. दुसऱ्या पानावर त्याचे लक्ष पालीकडे गेले. तिसऱ्या पानावर, बारा इंची पाइपच्या ऐन वर्णनात, त्याला जबडा दुखेल एवढी जांभई आली.

तो चपापला. आणि त्याच क्षणी त्याला चार वर्षांपूर्वीची ती नाटकाची गोष्ट पुरती आठवली. दुसरा अंक पडलाय म्हटल्यावर मित्र चिडला नव्हता. तो हसून म्हणाला होता, "पडलाय खरा. आणि तुझं ते स्वगतही जरा छाट." त्यानंतर बोलणे सोडले होते ते गिरिधरने. इतकी वर्षे तो ही गोष्ट उलटी सांगत आला होता, आणि स्वतःच ती खरी मानत होता.

तो धावत लॅबमध्ये गेला. चारुशीला एका पैलवानाच्या दंडाला पट्टा बांधत होती. गिरिधरने दारातच वहीतली आठ पाने फाडली आणि वहीसकट टेबलावर ठेवली.

"शिडीचं तेवढं ठेवलंय," तो धापा टाकत म्हणाला. "चुकलं माझं. आणि तुझी ती यादी पूर्ण वाचून दाखव."

"सगळी? चाळीस मुद्दे आहेत."

"वाच."

"आधी माझं रक्त काढा हो," पैलवान म्हणाला.

त्या दिवसापासून जे सुरू झाले, त्याला लिहिणे म्हणावे की झटापट, हे सांगणे कठीण आहे. सम-विषम मोडले. एकाने लिहायचे, दुसऱ्याने खोडायचे, पहिल्याने त्याहून वरचढ लिहायचे. गिरिधर चावी फिरवता फिरवता ओरडे, "सुचलं!" आणि हातावर पेनने लिहून घेई. चारुशीला काचपट्टीवर रक्त पसरताना एकदम थांबे आणि पुटपुटे, "हां, आता मरतोस तू भुजंगा!" समोरचा पेशंट दचके. व्हॉल्वमनची दोन इंच वाढीव उंची गेली. आसरेच्या गालावरचा तीळ गेला. भुजंगराव इतका वाईट झाला, की त्याचे संवाद लिहिल्यावर गिरिधर चूळ भरू लागला.

सहाव्या दिवशी गिरिधरने मन घट्ट केले आणि सातवी आसरा जारवाल्याच्या हाती दिली. वीस लिटरच्या जारमध्ये ती आकसून बसली, वर झाकण बसले, सील लागले, आणि तो जार दोन हजार पानांच्या एका लग्नाच्या पंगतीला रवाना झाला. पंगत उठेपर्यंत लोक तिला ग्लासाग्लासाने पिऊन टाकणार होते. लिफाफा लॅबमध्ये पोचला. दहाव्या मिनिटाला फोन वाजला.

"नालायका! आता मी तिला बाहेर कशी काढू? त्या नवरदेवाच्या मामानं ग्लास पुढे केलाय!"

"मला काय माहीत? माझं काम झालं."

"मेल्या! माझं कामात लक्षच लागेना. कोणाला सुईसुद्धा टोचता येईना." आणि ती आनंदाने इतकी हसली, की गिरिधरला आपल्या लग्नाची तारीख आताच पक्की झाल्यासारखे वाटले.

दहाव्या दिवशी सकाळी तिने शेवट दिला. गिरिधर टाकीच्या पायरीवर बसून वाचू लागला. कादंबरीतला व्हॉल्वमन गावाचे सगळे व्हॉल्व एकदम उघडतो. नळ फुटतात, रस्त्यांचे ओढे होतात, मांडवात आणि भुजंगरावाच्या गोदामात पाणी शिरते, रचलेले जार तरंगू लागतात आणि एकमेकांवर आपटून फुटतात. सातही बहिणी मोकळ्या होऊन नदीकडे धावतात. मागे मुख्य व्हॉल्वच्या खड्ड्यात पाणी भरत जाते. चावी हातातच असते. व्हॉल्वमन वर येत नाही.

गिरिधरने मान वर केली. "मी मेलो?"

"मेलास," चारुशीला म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "फार छान मेलास रे."

त्याने पेन हातात घेतले. आता हा त्या खड्ड्यात कडब्याची गंजी आणून ठेवणार, अशी तिला धास्ती वाटली. गिरिधरने खाली, अगदी शेवटी, आसरेचा दीड पानी विलाप होता, तेवढा आडव्या रेघेने काढून टाकला.

"पाण्यातल्या बाईचं रडणं दिसतं का कोणाला?" तो म्हणाला. "ती नुसती एकदा मागे वळू दे."

चारुशीलाने ते वाचले. पुन्हा वाचले. मग तिने कागद लिफाफ्यात घातले, आणि दोघे पोस्टात न देता थेट एसटीने संपादकांच्या दारात जाऊन ते देऊन आले.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला शहाण्यांचा फोन आला. "अंक छपाईला जातोय. पहिली ऐंशी पानं तुमची. आणि ऐका, आमच्याकडे आता हंडे भरून पाणी उकळायचं काम मागे लागलंय. आमच्या हिनं रात्रीतून कादंबरी वाचली आणि पहाटे जारवाल्याला दारातूनच परत पाठवलं."

तात्पर्य: आपल्या माणसाला नुसते 'छान' म्हणत राहणे ही माया नव्हे, भित्रेपणा आहे. खोट आढळली तर सांगावी. आणि आपली कोणी सांगितली, तर गावाचे पाणी न तोडता ऐकून घ्यावी.