कोतवालानं सांगितलेली वाट

परमुलखातल्या एका बंदरगावात कोतवालाचा कडक हुकूम होता: परदेशी माणसानं वाट विचारली, की तो हेर, टाका कोठडीत! कोकणातला हिरोजी खलाशी नेमका तिथल्याच बाजारात वाट चुकला. भरतीबरोबर धक्क्यावरून त्याचं गलबत सुटणार होतं.

समोरून कोतवालाची स्वारी आली. हिरोजी मोडक्यातोडक्या भाषेत गरजला, "या गावाचा कानाकोपरा मला ठाऊक आहे! धक्का त्या टेकडीमागं!"

"गाढवा, जन्म गेला माझा इथं!" कोतवाल भडकला. "धक्का या उजव्या गल्लीनं सरळ खाली!"

हिरोजीनं वाकून मुजरा केला. तेव्हा कुठं कोतवालाच्या डोक्यात प्रकाश पडला. "धरा या हेराला!"

"जरूर धरा, सरकार! पण मी तर काहीच विचारलं नाही. हेराला वाट सांगितली कुणी, तेही दवंडी पिटून कळवा."

बाजार खो खो हसत राहिला, आणि हिरोजी उजव्या गल्लीनं सरळ खाली पळाला.